गोलाची वंशावळ

पानिपतावर विंचूरकर-गायकवाडांनी गोल फोडला आणि सगळा डाव हातचा गेला, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगतं. पण गोल म्हणजे काय, तो भाऊसाहेबांच्या छावणीत आला कुठून आणि न फुटता यमुनेपर्यंत पोचला असता तर पुढे काय झालं असतं, असं विचारलं की मंडळी गप्प होतात. नाव गोल असलं तरी ही रचना बहुतेक वेळा चौकोनीच असते. चारी बाजूंना बाहेर तोंड करून उभं राहिलेलं पायदळ आणि मधल्या मोकळ्या जागेत सामान, जखमी, जनावरं, बुणगे. थोड्या लोकांना उघड्या मैदानात घोडदळाने घेरलं तर पाठ राखायची कशी, या प्रश्नाला हजारो वर्षांत पायदळाला सुचलेलं हे एकच खात्रीचं उत्तर. त्याच्या खोडी मात्र पहिल्यापासून त्याच आहेत.

त्या खोडी सर्वांत बारकाईने लिहून ठेवल्या त्या झेनोफन या ग्रीकाने. इराणच्या तख्तासाठी धाकट्या सायरसने दहा हजारांवर ग्रीक भाडोत्री शिपाई जमवले होते. इसवी सनपूर्व 401 मध्ये, आजच्या बगदादपासून फार दूर नसलेल्या कुनाक्साच्या लढाईत सायरसच मारला गेला आणि ही फौज घरापासून शेकडो कोस लांब बिनमालकाची झाली. इराणी सरदार तिसाफेर्नेसने त्यांच्या सेनापतींना बोलणी करायला बोलावलं आणि दगा केला. उरलेल्यांनी नवे सरदार निवडले. त्यांतल्या झेनोफनने सुचवलं, की पायदळाचा चौकोन करून बुणगे मध्ये घ्यावेत आणि उत्तरेची वाट धरावी.

पहिला दिवस वाईट गेला. इराणी स्वार आणि गोफणवाले दुरून मारा करत. ग्रीक पाठलागाला धावले की ते मागे सरत, ग्रीक परतले की पुन्हा हजर. दिवसभरात फौज पाच किलोमीटरही सरकली नाही. त्या रात्री झेनोफनने फौजेतले रोड्स बेटावरचे लोक हुडकले. त्यांना शिशाच्या गोळ्या गोफणीतून फेकायची लहानपणापासून सवय, आणि त्या गोळ्या इराण्यांच्या मूठभर धोंड्यांपेक्षा लांब जात. असे 200 गोफणवाले निघाले. सामानाच्या जनावरांतून कामाचे घोडे निवडून 50 स्वार उभे राहिले. दुसऱ्या खेपेला इराणी जवळ आले तेव्हा चौकोनातून बाहेर पडून त्यांच्यावर उलटणारं कुणीतरी होतं.

दुसरी अडचण चौकोनाच्या आकारातच होती. पूल किंवा खिंड आली की दोन्ही बाजू आत दाबल्या जात, मधले शिपाई चेंगरून रांगेबाहेर ढकलले जात. पुढे वाट रुंद झाली की बाजू फाकत आणि मध्ये भगदाड पडे. शत्रू नेमकी हीच वेळ धरून येई. म्हणून शंभर-शंभराच्या सहा तुकड्या वेगळ्या काढल्या. वाट अरुंद झाली की त्यांनी मागे थांबायचं, चौकोन पुन्हा फाकला की भगदाड जेवढं असेल तेवढं भरायचं. लहान असेल तर खोल रांगेने, मोठं असेल तर पसरून. चालत्या गोलाचं मर्म एवढंच आहे. भिंत कितीही भक्कम केली तरी ती चालायला लागली की फाटणार. तेव्हा फाट शिवणारे आणि बाहेर जाऊन मारणारे हात मोकळे ठेवलेले हवेत. पुढच्या दोन सहस्रकांत ज्यांनी हे ओळखलं ते बहुधा सुटले.

रोमन सेनापती क्रॅससला ते ओळखता आलं नाही. इसवी सनपूर्व 53 मध्ये कार्हाईच्या रेताड माळावर त्याच्या सात लीजन पार्थियन घोडदळासमोर आल्या. त्याने पोकळ चौकोन बांधला. पार्थियन सेनापती सुरेना चौकोनावर तुटून पडलाच नाही. त्याचे तिरंदाज स्वार भोवती फिरत राहिले आणि रोमन वाट पाहत राहिले, की यांचे भाते कधीतरी रिकामे होतील. सुरेनाने उंटांवर बाणांचे ढीग लादून आणले होते. भाते पुन्हा भरत होते. क्रॅससचा मुलगा पब्लियस स्वार घेऊन बाहेर पडला, त्याला लांब ओढून नेऊन मारलं आणि त्याचं डोकं भाल्यावर खोचून बापासमोर फिरवलं. गोलाविरुद्ध काय करावं याचा धडा इथे पक्का झाला: त्याच्यावर धावून जाऊ नये, त्याला उभ्या जागी झिजवावा.

मधली शतकं भराभर ओलांडायला हरकत नाही. बोहेमियाच्या यान झिझ्काने 1420 च्या सुमारास गाड्या साखळ्यांनी जोडून शेतकऱ्यांकडून चिलखती सरदारांना हरवलं. बाबराने 1526 मध्ये पानिपतावरच 700 गाड्या कातडी दोरांनी बांधून इब्राहिम लोदीच्या मोठ्या फौजेपुढे उभ्या केल्या. त्यातली खरी हुशारी गाड्यांमध्ये नव्हती, मध्ये सोडलेल्या वाटांमध्ये होती; शे-दीडशे स्वार एकदम बाहेर काढता येतील एवढ्या त्या रुंद होत्या.

पायदळाला गाड्यांची गरज उरली नाही ती संगिनीमुळे. सतराव्या शतकाच्या शेवटी बंदुकीच्या नळीवर बाहेरून बसणारी संगीन आली, म्हणजे संगीन चढवलेली असतानाही बार काढता येऊ लागला. बंदूकवाला आणि भालेकरी एकाच शिपायात आले. पुढची रांग गुडघ्यावर, दस्ता जमिनीत रोवलेला, संगीन घोड्याच्या छातीच्या उंचीला तिरकी. मागच्या रांगा उभ्याने बार काढणार. घोडा लोखंडाच्या काट्यांवर जाणूनबुजून उडी घेत नाही, स्वाराने कितीही टाच मारली तरी. मग घोडदळ चौकोनाला वळसे घालत राहतं आणि गोळ्या खातं. सगळं कसब बार कधी काढायचा यात. फार लवकर काढला तर फुकट, आणि फार उशिरा काढला तर मेलेला घोडाच अंगावर येतो. 1812 मध्ये स्पेनमध्ये गार्सिया एर्नांदेसला हेच झालं. गोळी लागलेला एक घोडा स्वारासकट फ्रेंच चौकोनावर कोसळला, भिंतीला खिंडार पडलं, त्यातून जर्मन स्वार आत घुसले आणि शेकडो फ्रेंच शरण आले.

हे कवायती पायदळ दख्खनमध्ये आणलं फ्रेंचांनी. 1751 पासून सात वर्षं बुसी हैदराबादेत निजामाच्या दरबारी होता. त्याच्या तालमीत तयार झालेल्यांपैकी एक इब्राहिमखान गारदी. निजामाची चाकरी सोडून तो मराठ्यांकडे आला.

तोवर मराठ्यांचा अनुभव गोलाच्या बाहेरचा होता. वेढणारे तेच असत. 1728 मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाच्या तोफांना हातही लावला नाही. पाणी आणि रसद तोडली आणि मुंगी-शेवगावचा तह पदरात पाडून घेतला. 1737 च्या अखेरीला भोपाळला तेच. निजाम तोफांच्या आडोशाने मुंगीच्या पावलांनी सरकत होता आणि मराठे त्याच्याबरोबर सरकत होते. 1760 च्या सुरुवातीला उदगीरला खुद्द सदाशिवरावभाऊंनी निजामाला असंच कोंडून 60 लाखांच्या वर मुलूख घेतला. म्हणजे पानिपताच्या आधी वर्षभरही झालं नव्हतं, आणि कोंडलेल्या फौजेचं काय होतं हे भाऊंइतकं ताजं कुणाला ठाऊक असणार?

तरीही ते कोंडले गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतला यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आला. मराठे पानिपत गावाभोवती खंदक खणून बसले. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले, त्याच महिन्यात अंतर्वेदीतून अब्दालीची रसद तोडणारे आणि भाऊंना धान्य पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. त्यानंतर छावणीत धान्य येणं बंद झालं. जनावरं वैरणीवाचून मरायला लागली, कहीला बाहेर पडलेले लोक कापले जाऊ लागले. बुणग्यांची संख्या लढणाऱ्यांपेक्षा कमी नव्हती, आणि त्यांत यात्रेच्या ओढीने आलेली माणसं होती, बायका होत्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सरदार भाऊंकडे गेले, ते उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, हे सांगायला.

गोलाचा निर्णय या भुकेतून आला. होळकरांसारख्यांना गनिमी लढाई हवी होती, इब्राहिमखानाला गोलाची, हा वाद खरा. पण जानेवारीत तो वाद संपलेला होता. गनिमी काव्याला धडधाकट घोडे आणि हलकी फौज लागते. भाऊंपाशी हाडांचे सापळे झालेले घोडे आणि हजारो बायकामुलं होती. एवढा लोंढा घेऊन यमुनेच्या काठाने दिल्लीकडे जायचं तर गारदी आणि तोफा बाहेर, बुणगे आत, याखेरीज दुसरी रचना उरलीच नव्हती. भाऊंनी परकी पद्धत उगाच डोक्यावर घेतली, ही टीका मला म्हणून पटत नाही. चूक असली तर ती नोव्हेंबरातली, खंदकात बसून राहण्याची.

14 जानेवारी 1761 ला सकाळी फौज निघाली आणि अब्दाली आडवा आला. काशीराजाच्या हकिगतीत जी मांडणी दिसते ती गोलाची नाही, लांब रांगेची आहे. डाव्या टोकाला इब्राहिमखान, त्याच्या शेजारी गायकवाड आणि विंचूरकर, मध्यभागी भाऊ आणि विश्वासराव, उजव्या टोकाला शिंदे-होळकर. इब्राहिमखानाने दोन पलटणी बगल सांभाळायला वळवल्या आणि उरलेल्या सात घेऊन संगिनी रोखून तो अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर चालून गेला. रोहिले हजारोंनी पडले. इथे झेनोफनच्या त्या सहा तुकड्या आठवाव्यात. इब्राहिमखानाच्या शेजारचे विंचूरकर-गायकवाड हे स्वार होते आणि हुकूम होता जागा न सोडण्याचा. रोहिले मागे हटताना दिसल्यावर त्यांनी घोडे घातले, असं बहुतेक मराठी इतिहासकार लिहितात. पायी बंदूकवाल्या रोहिल्यांनी त्यांना मारून परतवलं आणि गारद्यांची बगल उघडी पडली. बाहेर पडून मारणारे हात होते, पण कधी बाहेर पडायचं आणि कधी परतायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एक कवायती फौज आणि दुसरी वंशपरंपरेने स्वारी करणारी फौज, एका सकाळीत त्यांची सांगड बसणार नव्हती. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली आणि त्याच सुमारास अब्दालीने राखून ठेवलेली फौज सोडली. गोल फुटल्याचं खापर दोन सरदारांवर फोडून आपण मोकळे होतो. अब्दालीपाशी दुपारनंतरही ताजी फौज उरली होती आणि भाऊंपाशी नव्हती, याकडे मात्र लक्ष देत नाही.

अठरा वर्षांनी मराठे पुन्हा आपल्या जुन्या जागी, म्हणजे वेढ्याच्या बाहेर होते. राघोबाला गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज बोरघाट चढून आली. बरोबर सामानाचे 19,000 बैल. बैलांभोवती शिपाई ठेवून ती दिवसाला मैल-दोन मैल चाले. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, आपला ‘ईष्टुर फाकडा’, तोफेच्या गोळ्याने गेला. 9 जानेवारी 1779 ला फौज तळेगावला पोचली तर गाव जाळून टाकलेलं, विहिरी निकामी. पुढचं चिंचवड आणि वेळ पडली तर पुणेही जाळायची तयारी होती. कंपनीच्या कारभाऱ्यांचा धीर सुटला. 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून फौज गुपचूप मागे फिरली आणि पहाटेपर्यंत महादजी शिंद्यांच्या स्वारांनी तिला घेरलं. पिछाडीला कॅप्टन हार्टलेच्या शिपायांनी हल्ले पुनःपुन्हा परतवले. कवायतीत ते कुठेच कमी पडले नाहीत. तरी ती फौज वडगावापलीकडे गेली नाही. आज लोणावळा लोकलमध्ये तळेगावनंतरचं पुढचंच स्टेशन वडगाव. तेवढ्या अंतरात कंपनीच्या एका फौजेची चाल संपली, आणि आठवड्याच्या आत तहावर सही झाली. सुरेनाने कार्हाईला जे केलं तेच महादजी आणि नाना फडणविसांनी केलं, फक्त बाणांऐवजी जळकं गाव वापरून.

मग त्याच मराठ्यांनी 1803 मध्ये असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, उलट बाजू का धरली, हा प्रश्न मला छळतो. शिंद्यांच्या पलटणी आणि तोफा आता युरोपी धर्तीच्या होत्या. केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात त्यांनी आर्थर वेलस्लीची समोरासमोर लढाई घेतली. त्या दिवशी वेलस्लीची 74 वी हायलँडर पलटण वाट चुकून असई गावाच्या तोफांच्या तोंडी गेली. मराठा स्वार तिच्यावर पडले तेव्हा उरलेल्यांनी स्वतःच्याच मेलेल्या सोबत्यांचा बांध करून वेडावाकडा चौकोन धरला. कंपनीच्या घोडदळाने येऊन सोडवेपर्यंत तो टिकला, पण पलटणीचे जवळपास सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. वेलस्लीच्या फौजेतले मेलेले-जखमी मिळून दीड हजारांवर गेले. पुढे म्हातारपणी, आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, या प्रश्नाला तो असईचं नाव घेई.

12 वर्षांनी तोच माणूस, आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लूच्या उतारामागे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन मांडून उभा होता. एकाची गोळी दुसऱ्याला लागू नये म्हणून ती मांडणी. फ्रेंच मार्शल नेने दुपारभर हजारो घोडेस्वार त्यांवर घातले. एकही चौकोन फुटला नाही. तोफांनी मात्र तेच चौकोन भाजून काढले. 27 व्या इनिसकिलिंग पलटणीचे निम्म्याहून अधिक लोक रांगेत उभ्याउभ्याच पडले. दाट उभी माणसं घोड्याला भिंत वाटतात, तोफेला निशाण वाटतात. चौकोनाचा अंत तिथेच दिसत होता, तरी तो यायला आणखी 70 वर्षं लागली.

त्यातली बरीच वर्षं ब्रिटिशांनी तोफा नसलेल्या शत्रूंशी लढण्यात काढली, म्हणून चौकोन टिकला. 1879 मध्ये उलुंदीला त्यांनी चौकोनातून झुलूंचं राज्य बुडवलं. 1884 मध्ये सुदानात तमाईला मात्र एका चौकोनातल्या ब्लॅक वॉच पलटणीला धावून जायचा हुकूम मिळाला. ती पुढे गेली, मागे जागा उघडी पडली आणि बेजा लोक भाले घेऊन आत आले. विंचूरकर-गायकवाडांना आपण दोष देतो, तर ही कवायतीत मुरलेली, नावाजलेली पलटण होती हे लक्षात घ्यावं. पुढच्या वर्षी अबू क्लीला गार्डनर तोफेची नळी अडकली, चौकोनाचा एक कोपरा फाटला आणि महदीचे लोक आत घुसले. त्यांना अडवलं ते मध्ये बसवलेल्या उंटांच्या गर्दीने. नंतर भराभर बार काढणाऱ्या रायफली आणि मशीनगन सगळ्यांच्याच हाती आल्या आणि खांद्याला खांदा लावून उभं राहणं ही आत्महत्या ठरली.

गोल गेला असं वाटत असतानाच तो ब्रह्मदेशात नव्या रूपात परतला. 1942-43 मध्ये जपानी बगल देऊन मागे येत आणि वाट तुटली की ब्रिटिश-हिंदी फौज माघार घेई. जनरल स्लिमने पुढे हुकूम दिला की वेढलं गेलं तरी हलायचं नाही. अन्न आणि दारूगोळा आकाशातून येईल. फेब्रुवारी 1944 मध्ये आराकानात सिन्झवेयाला सातव्या हिंदी डिव्हिजनच्या पुरवठा तळावरच वेढा पडला. तळ जेमतेम हजार-बाराशे यार्ड रुंद. आत कारकून, ड्रायव्हर, खेचरवाले, दवाखान्याचे लोक आणि थोडे रणगाडे. जपान्यांनी दवाखाना काबीज करून जखमींना आणि डॉक्टरांना मारलं. पण डाकोटा विमानं रोज घिरट्या घालत पोती टाकत राहिली. जपानी आठवडा-दहा दिवसांचं अन्न घेऊन आले होते, पुढचं तळ लुटून मिळेल या हिशेबाने. तळ पडला नाही आणि वेढणारेच उपाशी राहिले. पालखेड, उदगीर, तळेगाव, सगळीकडे वेढणाऱ्याच्या बाजूने असलेली भूक पहिल्यांदा आतल्यांच्या बाजूला आली.

पण विमानाला नेम चुकायची खोड असते. पुढच्याच महिन्यात मणिपुरात, उखरुलच्या वाटेवरच्या सांगशाक गावी 50 वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड जपान्यांच्या धडकेसमोर सापडली. तिच्यासोबत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. खडकामुळे खंदक गुडघा-मांडीच्या वर खणता येईनात, काटेरी तार नव्हती, पाणी नव्हतं, आणि विमानातून सोडलेल्या छत्र्यांपैकी बऱ्याचशा वाऱ्याने जपान्यांकडे गेल्या. चर्चच्या टेकडीभोवती हातघाई चालू राहिली. 26 मार्चच्या रात्री हुकूम आला, की लहान लहान टोळ्या करून दक्षिणेकडे निघा आणि वाट फोडून इंफाळ गाठा. ते गेले. या काही दिवसांच्या अडथळ्याने कोहिमात कुमक पोचवायला वेळ मिळाला; तिथला वेढा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला.

दरवर्षी 14 जानेवारीला पानिपतच्या काला आंबापाशी मराठी माणसं मोठ्या संख्येने जातात. जावंच. पण ईशान्येच्या सहलीला निघणाऱ्यांनी इंफाळ-लोकटाक झाल्यावर एक दिवस सांगशाकलाही द्यावा. वेढ्यात सापडलेले तेही आपलेच लोक होते, आणि त्यांची नावं आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकली आहेत.